पोशन क्राफ्ट: पुणेकर खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाचरांपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत अनेक जण मला ‘त्या काढे करायच्या गेम’बद्दल विचारतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गेमचं पूर्ण नाव ‘पोशन क्राफ्ट: अल्केमिस्ट सिम्युलेटर’. तयार रेसिपींची यादी इथे मुद्दाम दिलेली नाही. त्यामागचं कारण पुढे एका उत्तरात सविस्तर लिहिलंय, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तेच आहे असं मला वाटतं.

हा गेम नेमका काय आहे?

तुम्ही एका ओस पडलेल्या घरात येता. आधीचा किमयागार निघून गेलेला असतो. मागे बाग, प्रयोगशाळा, दुकान, झोपायची खोली आणि मोडक्या यंत्राचं तळघर असतं. रोज सकाळी बागेतल्या वनस्पती आणि अळंब्या खुडायच्या, खलात कुटायच्या, कढईत उकळायच्या आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हवं ते औषध विकायचं. नाइसप्ले गेम्स या छोट्या स्टुडिओने तो बनवला आणि टायनीबिल्डने प्रकाशित केला. २१ सप्टेंबर २०२१ला तो स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच, आला आणि १३ डिसेंबर २०२२ला पूर्ण झाला. सुरुवातीला तो कॉम्प्युटर आणि एक्सबॉक्सवर मिळत होता, नंतर प्लेस्टेशन आणि स्विच या गेम खेळायच्या यंत्रांवरही आला.

चित्रं सगळी मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांच्या ढंगाची आहेत. पिवळट कागद, शाईच्या रेघा, समासात काढावीत तशी माणसं. ज्यांना जुन्या पोथ्या बघायला आवडतात त्यांना पहिल्या पडद्यापासूनच हा गेम जवळचा वाटेल.

मी कधीच गेम खेळलेले नाहीत. मला जमेल का?

जमेल. यात मारामारी नाही, पळापळ नाही, डोक्यावर घड्याळ नाही. तुम्ही पलंगावर जाऊन झोपत नाही तोवर दिवस संपत नाही. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं असतं आणि तुम्ही प्रयोगशाळेत हवा तेवढा वेळ घेता. पैसे संपले म्हणून खेळ संपत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बागेत पुन्हा काहीतरी उगवलेलं असतंच. बहुतेक कामं माउसने होतात. बत्ता हातात धरून खाली आपटायचा, भाता दाबायचा, कढईत पळी फिरवायची. हातांना काम देणारा गेम आहे, त्यामुळे कधी गेम न खेळलेल्या मोठ्या माणसांना तो पटकन समजतो, असा माझा अनुभव आहे.

तो नकाशा कसला? औषधाचा आणि नकाशाचा काय संबंध?

इथेच बहुतेक जण अडतात, आणि गेमची सगळी मजाही इथेच आहे. म्हणून जरा निवांत सांगते.

कढईच्या शेजारी एक मोठा नकाशा पसरलेला असतो आणि त्याच्या मधोमध एक छोटी बाटली असते. ती बाटली म्हणजे तुमचं उकळत असलेलं औषध. नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी गुण ठेवलेले आहेत: जखम भरणं, विष, अग्नी, गोठवणं, झोप, बळ, वेग, अदृश्य होणं आणि असे कितीतरी. सुरुवातीला जवळपास सगळा नकाशा धुक्याखाली असतो. बाटली जिथून जाते तिथलं धुकं हटतं.

बाटली चालवतात ते तुमचे पदार्थ. प्रत्येक पदार्थाला स्वतःची वाट असते. कुणाची सरळ, कुणाची वळसे घेत जाणारी, कुणाची नागमोडी. तो कढईत टाकला की नकाशावर वाट आखली जाते आणि पळी फिरवली की बाटली त्या वाटेने सरकते. न कुटता टाकलात तर वाट आखूड, पूर्ण कुटून टाकलात तर लांब. म्हणजे खलात किती वेळ घालवायचा हाही तुमचाच निर्णय. अर्धवट कुटलेली वनस्पती कधीकधी बरोबर हवी तेवढीच वाट देते.

कढईत पाणी ओतलं की बाटली सरळ रेषेत मध्याकडे मागे येते. नवखे लोक पाणी फक्त चूक सुधारायला वापरतात. प्रत्यक्षात पाणी हीदेखील एक वाट आहे. एखाद्या पदार्थाने लांब वळसा घेऊन जायचं आणि पाण्याने मागे ओढून मधल्या गुणावर यायचं, ही युक्ती जमली की निम्मा नकाशा स्वस्तात उघडतो.

बाटली गुणाच्या चित्रावर बसली की भाता मारून निखारे फुलवायचे. आच लागली की तो गुण औषधात पक्का होतो. तिथेच थांबून बाटली भरून घेता येते, किंवा पुढे जाऊन त्याच बाटलीत आणखी एखादा गुण मिळवता येतो.

माझं औषध सारखं वाया जातं. असं का?

नकाशावर हाडं पसरलेली असतात. त्यांच्यातून बाटली गेली की औषधाचं आयुष्य घटत जातं आणि जास्त वेळ राहिलात तर सगळं नासतं. हाडांचा कोपरा नुसता चाटून गेलात तर बहुधा निभावतं, पण त्यांच्यातून आरपार जायचा हट्ट करू नका.

घाईघाईने पळी फिरवणं हे मुख्य कारण. पळी हळू फिरवा, हाडं जवळ आली की थांबा, आखलेली वाट पुढे कुठे वळते ते बघा, गरज वाटली तर थोडं पाणी ओतून वाटेचा उरलेला भाग बाजूला सरकवा. नंतर खाणीतला बुटका व्यापारी स्फटिक घेऊन येतो. स्फटिकाने बाटली उडी मारते आणि मधल्या हाडांचा तिला त्रास होत नाही. स्फटिक महाग असतात, म्हणून ते अडलेल्या जागीच वापरा.

औषध कमी दर्जाचं होतं. वरचा दर्जा कसा आणायचा?

बाटली चित्रावर किती नेमकी बसली यावर दर्जा ठरतो. कडेला टेकली तर पहिला, बरीचशी बसली तर दुसरा, तंतोतंत बसली तर तिसरा, म्हणजे सगळ्यात वरचा. दूरवरची काही चित्रं तिरकी असतात. तिथे बाटलीही तेवढीच तिरकी करावी लागते. ते काम सूर्यक्षार आणि चंद्रक्षार करतात. एक बाटलीला एका बाजूला फिरवतो, दुसरा उलट बाजूला. (गेममधल्या सन सॉल्ट आणि मून सॉल्टला मी घरात हीच नावं दिली आहेत.)

चित्रापाशी पोचल्यावर पळीचा अगदी बारीक बारीक फेरा घ्या. शेवटी थेंब थेंब पाणी ओतून मध्याकडे ओढून घेतलं की बरेचदा तिसरा दर्जा मिळतो.

पाण्याऐवजी तेल आणि वाइन कशासाठी?

द्रव बदलला की नकाशाच बदलतो. गुणांच्या जागा वेगळ्या, हाडांची मांडणी वेगळी. पाण्याच्या नकाशावर जो गुण फार लांब आहे तो दुसऱ्या नकाशावर सोपा पडू शकतो. पाण्याचा नकाशा बऱ्यापैकी ओळखीचा झाल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नका.

चांगल्या रेसिपींची यादी कुठे मिळेल?

इंटरनेटवर ढिगाने मिळेल. बघू नका, असं माझं मनापासून सांगणं आहे.

या गेममध्ये रेसिपी म्हणजे तुम्ही स्वतः चालून आलेली वाट. दुसऱ्याच्या यादीतून ‘अमुक तीन, तमुक दोन’ असं वाचून कढईत टाकलंत तर औषध होईल, पैसेही मिळतील, पण नकाशावरचं धुकं तुमच्यासाठी कुणीतरी आधीच पुसून ठेवलेलं असेल. मग उरतं ते फक्त दुकान चालवणं, आणि दुकान चालवायचे गेम याहून सरस असे पुष्कळ आहेत. हाडांच्या दोन रांगांमधली बारीक फट स्वतः सापडणं, एका स्वस्त वनस्पतीच्या वळणाने महागड्या गुणापर्यंत पोचणं, हा आनंद एकदाच मिळतो. तो यादीसाठी देऊन टाकू नये.

गेमने त्यासाठी उत्तम सोय केली आहे. जमलेलं औषध रेसिपीच्या वहीत साठवता येतं. पुढच्या वेळी पदार्थ हाताशी असले की तेच औषध सगळी मेहनत न करता तयार होतं. म्हणून एकच काम दहादा करावं लागेल ही भीती नको. वहीतली पानं मर्यादित असतात, तेव्हा साधी वाट सापडली की जुनी काढून टाका. मी तर प्रत्येक पानाला नाव देते, कारण महिन्याभराने नुसत्या बाटलीच्या चित्रावरून काही आठवत नाही.

अगदीच अडलात तर यादी न बघता, आधी खेळलेल्या माणसाला दिशा विचारा. ‘तो गुण साधारण कुठल्या बाजूला आहे?’ एवढंच. बाकीचं तुम्ही शोधाल.

पैसे पुरत नाहीत. काय करू?

सुरुवातीला व्यापाऱ्यांकडून दिसेल ते विकत घेऊ नका. बागेत जे येतं त्यातून दोन-तीन खपणारी औषधं बसवा. घासाघीस जरूर करा. ती विकतानाही करता येते आणि विकत घेतानाही. सरकणारा काटा योग्य जागी आला की दाबायचं, चुकलं तर भाव हातचा जातो. मंडईत भाजी घेणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. गिऱ्हाईक वरच्या दर्जाच्या औषधाला जास्त पैसे देतं, म्हणून चार साध्या बाटल्यांपेक्षा एक नेमकी बाटली बरी.

गिऱ्हाईक विष मागतं. द्यावं का?

गेम तुम्हाला अडवत नाही. चोर, दरोडेखोर, सूड घ्यायला निघालेले लोक दारात येतात आणि पैसेही देतात. त्यांना माल दिलात की तुमची पत घसरते आणि पुढे कशा प्रकारचे लोक येतात यावर परिणाम होतो. नकार देता येतो.

मी देत नाही. औषधाचं दुकान आहे, आणि त्या काउंटरमागे उभं राहिल्यावर मला ते जमत नाही. पण गिऱ्हाइकाचं बोलणं नीट वाचा. शेतातले उंदीर मारायला विष मागणारा शेतकरी आणि शेजाऱ्यासाठी विष मागणारा माणूस यांच्यात फरक आहे. मागणी एकाहून जास्त औषधांनी भागते असंही अनेकदा होतं.

तळघरातल्या यंत्राचं काय करायचं?

ते दुरुस्त करत जायचं. गेमचा लांबचा प्रवास तिथेच आहे. युरोपीय किमयेतल्या ‘महान कार्या’चे टप्पे त्यात जसेच्या तसे घेतले आहेत: निग्रेडो म्हणजे काळा टप्पा, अल्बेडो पांढरा, सिट्रिनिटास पिवळा, रुबेडो तांबडा, आणि शेवटी परीस. वेगवेगळे क्षारही याच यंत्रातून निघतात. त्यासाठी ठरावीक औषधांच्या बाटल्या लागतात, म्हणून चांगल्या औषधाची एखादी बाटली न विकता फळीवर ठेवायची सवय लावा.

याचा आपल्या रसशास्त्राशी काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही. गेममधलं सगळं युरोपीय आहे. पण हा प्रश्न पुण्यात विचारला जावा यात मला नवल वाटत नाही.

रसशास्त्र म्हणजे आयुर्वेदातली पारा आणि धातूंपासून औषधं करायची शाखा. तिच्या मध्यभागी पारा आहे. त्यावर करायचे अठरा संस्कार सांगितले आहेत. पहिला स्वेदन, दुसरा मर्दन, म्हणजे खलात घोटणं. पारा आणि गंधक एकत्र घोटत राहिलं की काळी, काजळासारखी बारीक भुकटी होते. तिला कज्जली म्हणतात. खलाचेही प्रकार आहेत: नावेच्या आकाराचा, गोल, आणि खाली आच देऊन वापरायचा तप्त खल्व. गेममध्ये खल, आच आणि भाता यांच्याभोवती जे फिरतं, ते हजारो मैलांवरच्या या परंपरेतही तसंच फिरतं. धातू, वनस्पती आणि आग हाताशी असलेली माणसं जिथे असतील तिथे जवळपास हीच अवजारं वापरतील, असं मला वाटतं.

पुण्याचा यातला वाटा छोटा नाही. महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाने संस्कृत ग्रंथमालेत ‘रसरत्नसमुच्चय’ छापला, आणि रसशास्त्रातला तो एक मुख्य ग्रंथ मानला जातो. रास्ता पेठेतलं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३पासून आहे. आयुर्वेदाच्या पदवीला आजही रसशास्त्र आणि भैषज्यकल्पना हा विषय असतो. तुमच्या ओळखीत बीएएमएस करणारं कुणी असेल तर त्यांना हा गेम दाखवा आणि खलाबद्दल विचारा. गप्पा रंगतील.

कढई कशी घडते ते बघायचं असेल तर कसबा पेठेतली तांबट आळी आहेच. तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याने ठोके देत मठारकाम केलेली भांडी तिथे अजून बनतात. गेममधली कढई बघून मला पहिली आठवण तिथल्या हंड्यांची झाली. अडकित्ते, दिवे आणि जुन्या घरातली भांडी पाहायला केळकर संग्रहालयही चांगलं.

गेममध्ये शिकलेलं घरी करून बघावं का?

अजिबात नाही. गेममधल्या वनस्पती, अळंब्या आणि क्षार कल्पनेतले आहेत.

हे ठासून सांगायचं कारण पाऊस. जून-जुलैत वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाची वाट सगळीकडे अळंब्या उगवतात, आणि गेम खेळणारी मुलं त्या ओळखू लागल्यासारखी हात लावतात. रानातली अळंबी नुसत्या दिसण्यावरून ओळखणं जाणकारांनाही कठीण जातं. काही अळंब्यांमधली अमाटॉक्सिन ही विषं शिजवूनही जात नाहीत. त्रास बरेचदा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, आणि तोवर यकृताला इजा व्हायला लागलेली असते. मुलाने खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा, शक्य असेल तर तीच अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या.

पारा, गंधक आणि भस्मांच्या बाबतीतही तेच. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. मुलांना वनस्पतींची गोडी लागली असेल तर त्यांना एम्प्रेस गार्डनला न्या, कुंडीत तुळस, गवती चहा, ओवा लावायला द्या. ओव्याचं पान चोळून वास घेण्यात गेममधल्या खुडण्याइतकीच मजा आहे आणि ते पान भजीतही घालता येतं.

मुलांना खेळायला द्यावा का?

रक्तपात दिसत नाही, शिव्या नाहीत. पण गिऱ्हाइकांच्या मागण्यांत विष, शाप, मृतांना उठवणं आणि कामवासना वाढवणारं औषधही येतं, शिवाय एक द्रव वाइन आहे. इंग्रजी वाचणारं मूल हे सगळं वाचणार. म्हणून लहान मुलांसोबत आई-बाबांनी किंवा आजी-आजोबांनी शेजारी बसून खेळावं. एकाने कुटायचं, दुसऱ्याने पळी फिरवायची, असं आमच्या घरी छान चालतं. सातवी-आठवीपुढच्या मुलांना एकट्याने द्यायला मला हरकत वाटत नाही.

गेम मराठीत आहे का?

नाही. इंग्रजीत खेळावा लागतो. वाक्यं मात्र लहान आहेत आणि चिन्हांवरून बरंच कळतं. इंग्रजीची अडचण असलेल्यांनी सुरुवातीला कुणाला तरी सोबत घ्यावं. पदार्थांची आणि गुणांची नावं पाठ झाली की पुढे अडत नाही.

कुठला लॅपटॉप लागेल? पैसे कसे भरायचे?

गेम द्विमितीय आणि हलका आहे. ऑफिसच्या कामाच्या साध्या विंडोज लॅपटॉपवर तो बहुधा चालतो. तरी विकत घेण्याआधी स्टीमच्या पानावर दिलेली किमान गरज तपासा. माउस मात्र हवाच. टचपॅडवर बत्ता आपटून मनगट दुखतं.

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि यूपीआयने पैसे भरता येतात. घाई नसेल तर सेलची वाट बघा. आवडला नाही तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्या वेळात नकाशा तुम्हाला रुचतो की नाही ते नक्की कळेल. घरात एकाहून जास्त जण खेळणार असतील तर स्टीम फॅमिलीज वापरा. त्यात सहा जणांपर्यंतचं कुटुंब एकमेकांचे गेम खेळू शकतं. फक्त एकाच प्रतीवर दोघांना एकाच वेळी खेळता येत नाही.

पावसाळ्यात वीज जाते तिथे राहत असाल तर मोठं औषध उकळायला घेण्याआधी सेव्ह करा.

हा आवडला. आता पुढे काय?

तुम्हाला यातलं काय आवडलं त्यावर ठरेल. दुकान आणि घासाघीस आवडली असेल तर २०२२चा पोशनॉमिक्स घ्या. त्यात भाव पत्त्यांनी ठरतो आणि डोक्यावर कर्जाची मुदत असते, म्हणजे निवांतपणा कमी. गावात राहून लोकांवर उपचार करायला आवडत असेल तर पोशन परमिट. तो इंडोनेशियातल्या मासहाइव्ह मीडियाने केलाय आणि गावकऱ्यांशी ओळख वाढवण्यावर त्याचा भर आहे. वनस्पती ओळखणं, नोंदवहीशी ताडून बघणं आवडलं असेल तर स्ट्रेंज हॉर्टिकल्चर. तिथे औषधं कमी आणि कोडी जास्त, वातावरण पावसाळी, आणि दुकानात कुरवाळायला एक मांजर आहे.

आणि नकाशाच आवडला असेल, तर पोशन क्राफ्टमध्येच नवा खेळ सुरू करून पहिल्या वेळी हात न लावलेल्या पदार्थांनी त्याच गुणांपर्यंत पोचायचा प्रयत्न करा. मी सध्या तेच करतेय, फक्त अळंब्या वापरून.